अख्ख्या नावाचे दाजी

मराठवाड्यात आजवर जेवढी माणसं जन्माला आली, त्यांतल्या निम्म्यांची पूर्ण नावं आमच्या दाजींनी एकदा तरी मोठ्यांदा उच्चारलेली आहेत. उरलेल्या निम्म्यांची त्यांना कळायची राहिली आहेत, एवढंच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत तेव्हापासून ते इथल्या रेडिओ केंद्रावर निवेदक होते आणि पुढे टीव्हीवरही दिसायला लागले. पोट आवाजावर भरत असले तरी खरा छंद नावांचा. माणूस समोर आला की आधी त्याचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव, आणि या सगळ्याच्या पुढे 'श्रीयुत'. जेवताना मीठ हवं असलं तरी मला "श्रीयुत विलास दगडोबा शेळके, मीठ" असं ऐकून घ्यावं लागे. सकाळी दूधवाला आला की "श्रीयुत बाबुराव लक्ष्मणराव गाडेकर आलेले आहेत" अशी वर्दी आत पोचायची, आणि ताई आतून ओरडायची, "तुमचं श्रीयुत सरेस्तोवर हितं दूध उतू जातंय!" माझ्या मुलीच्या बारशाला तर कमाल झाली. अजून तिच्या कानात नाव सांगायचं होतं, तेवढ्यात दाजी पाळण्याशी उभे राहून म्हणाले, "कुमारी..." आणि मधली जागा मोकळी सोडून, "...विलास शेळके!" आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितल्याबरोबर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि मोकळी जागा भरून टाकली.

एकदा क्रांती चौकात एका रिक्षानं त्यांच्या स्कूटरला घासलं. मी मागे बसलो होतो. दोघंही खाली उतरले, गर्दी जमली, आता जुंपणार असं वाटत असतानाच दाजींनी खिशातून पेन काढून विचारलं, "आपलं पूर्ण नाव?" रिक्षावाला चपापला. "क्यों साब? नाम कायको होना तुमको? पुलिस में देते क्या?" दाजी म्हणाले, "पोलीस नाय, काय नाय. भांडायचंय तर नावानिशी भांडू." त्यानं बिचकत नाव सांगितलं. मग दाजी रेडिओवरच्या आवाजात म्हणाले, "श्रीयुत शेख रशीद शेख इमाम, आपण उलट्या बाजूने आलात." आता असं म्हटल्यावर पुढे शिवी कुठून येणार? तो गृहस्थ आधी ओशाळला, मग हसला, मग त्यानं समोरच्या टपरीवर आम्हाला चहा पाजला. पुढे कित्येक वर्षं तो रिक्षा थांबवून दाजींना सलाम करायचा आणि दाजी भर चौकात त्याचं नाव वडलांसकट परत करायचे.

माझ्या लग्नातली गोष्ट अजून आमच्याकडे निघते. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती. कुणीतरी कौतुकानं दाजींच्या हाती माईक दिला, 'दोन शब्द बोला' म्हणून. दोन शब्दांत दाजींचं स्वतःचं 'नमस्कार' सुद्धा बसत नाही. त्यांनी बँडवाल्यांपासून सुरुवात केली. सनईवाला, ताशेवाला, मग मंडपवाला, मग आचारी आणि आचाऱ्याचे दोन भाऊ. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागले. गुरुजी घड्याळाकडे बघत घसा खाकरत होते, पण दाजींनी त्यांचंही नाव पूर्ण घेतल्यावर तेही खुलले आणि मुहूर्त पाच मिनिटं पुढे-मागे चालतो म्हणाले. माझ्या सासऱ्यांनी मात्र त्या दिवसापासून दाजींच्या हातात माईक दिसला की खुर्ची मागे सरकवायला सुरुवात केली.

हे वेड नेमकं कधी लागलं, असं मी एकदा ताईला विचारलं होतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "टीव्हीवर जायला लागल्यापासनं. आदी नावं फकस्त रेडिओवर, घरात असं नव्हतं. मोठेपनानं डोकं फिरलं, दुसरं काय." आम्ही सगळ्यांनी हे कारण मान्य करून टाकलं. मीही केलं, आणि त्यावर भरपूर हसलोही.

दाजी मूळचे फुलंब्रीकडचे. घरी मेंढरं. शाळा सुटल्यावर रानात मेंढरांमागे फिरायचं आणि एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या चुलत्याशी गप्पा मारायच्या, अशी आवाजाची तालीम लहानपणीच झालेली. शहरात शिकायला आले, रेडिओ केंद्र नवं होतं, आवाजाची चाचणी दिली. त्या दिवशी यंत्रावरचा काटा जो पलीकडच्या टोकाला जाऊन पडला तो परत यायलाच तयार होईना. तिथला इंजिनीअर बाहेर येऊन म्हणाला म्हणे, "फुलंब्रीला ऐकू जाण्याचं काम यंत्राला करू द्या, तुम्ही फक्त मला ऐकू येईल एवढंच बोला." पुढे दाजींनी तो आवाज असा काही पाळला की माइकसमोर बसले की त्यांची मराठी इस्त्रीचा सदरा घालून यायची, आणि स्टुडिओचं दार मागे लागलं की सदरा काढून पुन्हा आमच्यात येऊन बसायची. बातम्यांत 'पर्जन्यमान समाधानकारक आहे' म्हणणारा माणूस घरी पायरीवर चपला काढता काढता 'लई गाळ झालाय वो' म्हणायचा.

दर बुधवारी दुपारी ते फर्माईशीचा कार्यक्रम करत. श्रोत्यांनी पोस्टकार्डावर गाणं आणि आपली नावं लिहून पाठवायची, निवेदकानं नावं वाचून गाणं लावायचं, अशी पद्धत. इतर निवेदक तीन-चार नावं वाचून 'आणि त्यांचे मित्र' म्हणून मोकळे होत. दाजींना ते पाप वाटे. एका कार्डावर सत्तावीस नावं असली तर सत्तावीसच्या सत्तावीस वाचणार, मग गाण्याचं दुसरं कडवं कापायला लागलं तरी चालेल. "गानं कुठंबी ऐकायला भेटतं," ते म्हणायचे, "नाव फकस्त हितंच भेटतं." कुणी नुसतं 'किसन्या, बबन्या आणि मंडळी' असं लिहिलं तर ते कार्ड वाचलं जात नसे. दाजी पदरचं कार्ड घालून उलट टपाली कळवत, 'कृपया सर्वांची पूर्ण नावे कळवावीत.' त्यातून कितीतरी गावांत लोकांनी आपल्या शेजाऱ्याच्या बापाचं नाव पहिल्यांदा विचारून घेतलं. एका गावातून आलेली सगळी कार्डं ते एकत्र करत आणि नावं बाराखडीच्या क्रमानं लावून वाचत. पाटलाचं नाव कुठं येईल आणि पाटलाच्या सालगड्याचं कुठं, ते अक्षर ठरवणार.

पुढे टीव्हीवरचं त्यांचं दर्शन हा आमच्या घरातला सण झाला. रेडिओची नोकरी सांभाळून महिन्यातून दोनदा ते मुंबईला जात आणि शेती-उद्योगाचा एक कार्यक्रम करून येत. अडचण अशी की इतकी वर्षं दाजी बोलताना हातवारे करत आले होते आणि रेडिओवर ते कुणाला दिसत नव्हते. टीव्हीवर पहिल्याच दिवशी त्यांचा हात उठला तो पडद्यावर त्यांच्याच तोंडासमोर आला. मग निर्मात्यानं हात खाली ठेवायची ताकीद दिली. दाजी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी स्वतःच्या पँटचे खिसे गच्च धरून बोलायचे. चेहरा प्रसन्न, आवाज मधाळ आणि खाली खिशांची दैना. दर कार्यक्रमानंतर ताईला दोन्ही खिसे नव्यानं शिवायला लागत. फुलंब्रीच्या बाजारात एका म्हातारीनं त्यांना ओळखलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सोबतच्या बाईला म्हणाली, "आवाज तर लई मोठा हाय गं. मानूस एवढाच व्हय?" दाजींनी तिचंही पूर्ण नाव विचारून घेतलं.

या माणसाला शांतता सोसत नसे, हे सांगायचं राहिलं. रेडिओवर तीन सेकंद काही वाजलं नाही तर लोकांना वाटतं संच बिघडला, म्हणून निवेदकाच्या अंगातच ती धास्ती बसलेली असते. दाजींची धास्ती घरीही ड्यूटीवर असे. आमच्या शेजारचे एक आजोबा वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. अशा ठिकाणी लोक नुसतेच बसतात, बोलायचं नसतंच. एक सेकंद, दोन, तीन. मी दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. "उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील," दाजी म्हणाले. घरातल्या मंडळींनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर मी बोललो तेव्हा म्हणाले, "मग काय नुसतं बसायचं? मानसाला वाटंल आपून गेलो."

असा हा माणूस एकदा माझ्यासमोर गप्प झाला.

त्या दिवसांत आधी चिकलठाण्यात आणि मग वाळूजकडे कारखाने उभे राहत होते. आसपासच्या खेड्यांतून माणसं सकाळी एसट्या भरभरून यायची. मीही वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. दाजींच्या टीव्हीवाल्यांना मराठवाड्यातल्या उद्योगांवर काहीतरी करायचं होतं, तेव्हा मी आमच्या मॅनेजरसाहेबांना सांगून आमचा कारखाना मिळवून दिला. दोन दिवस आधीपासून रंगरंगोटी झाली. दाजी आले ते थेट यंत्रांकडे न जाता दारावरच्या वॉचमनपासून नावं लिहून घेत निघाले. मॅनेजरसाहेब मागून चालत होते आणि मला खुणेनं विचारत होते, हे कधी संपणार?

आमच्या फाटकाच्या आत एक गुलाबाची बाग होती. ती राखणारा माणूस साठीला टेकलेला. डोक्याला मुंडासं, हातात खुरपं, बोलणं जवळजवळ नाहीच. आम्ही त्याला माळीबाबा म्हणायचो. मी तिथं लागलो त्याच्या आधीपासून तो होता, म्हणजे नऊ वर्षं मी रोज सकाळी त्याला 'काय माळीबाबा' म्हणून पुढे जात होतो. दाजी त्याच्यासमोर थांबले. "आपलं पूर्ण नाव?"

तो उठून उभा राहिला, खुरपं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "संपत गेनुजी हिवराळे."

दाजींचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. तीन सेकंद गेले, पाच गेले, दहा गेले. कॅमेरावाला आपलं यंत्र तपासायला लागला. मॅनेजरसाहेबांना वाटलं यांना चक्कर आली, त्यांनी पाणी मागवलं. शेवटी तो म्हाताराच म्हणाला, "साहेब, आवाजावरनं वळखलं मी. तुमी रेडिओचे न्हवं का?" दाजींनी मान हलवली. मग त्यांनी कॅमेरा बागेकडे वळवायला लावला आणि संपत हिवराळ्यांना गुलाबांविषयी चार प्रश्न विचारले. "टीव्हीवर येईल हे," दाजी शेवटी त्यांना म्हणाले, "तुमच्या नावानिशी येईल."

संध्याकाळी परत येताना त्यांनी मला रस्त्यावरच्या एका हॉटेलात बसवलं आणि सगळं सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्या सालची गोष्ट. फर्माईशीच्या कार्यक्रमात एका गावातून दर हप्त्याला दोन कार्डं यायची. एक गावातल्या मंडळींचं आणि एक दलित वस्तीतलं, एका माणसाचं, संपत गेनुजी हिवराळे यांचं. दाजी आपल्या पद्धतीप्रमाणे दोन्हींतली नावं मिसळून वाचायचे. वातावरण बिघडल्यावर गावातल्या मंडळींचं पत्र आलं की आमची नावं त्या नावाला लावून वाचू नका. दाजींना याच सुमारास टीव्हीच्या मुलाखतीचं बोलावणं आलेलं होतं. तक्रार वर गेली तर काय, ही भीती. एक सहकारी सहज म्हणाला, सध्या नावं नकोतच, नुसतं गाव सांगा.

"वरनं हुकूम आला आसता तर लई बरं झालं आसतं," दाजी मला म्हणाले. "हुकूम कुनाचाच नव्हता. मीच ठरवलं. म्हनलं, कुनाचंच नाव घ्यायचं नाय. समद्यांना सारखंच. मला वाटलं, लई हुशारी केली मी."

तीन बुधवार गेल्यावर संपत हिवराळे स्वतः केंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. गावापासून एसटीनं, मग पायी. दाजी त्यांना क्रांती चौकात चहाला घेऊन गेले. ते बोलणं दाजींना शब्दन् शब्द पाठ होतं.

"साहेब, माझं कारड भेटलं नाय का?"

"भेटलं."

"मग नाव येईना झालंय ते?"

"सध्या कुनाचंच येत नाय. समद्यांना सारखंच हाय."

"सारखं कसं व्हईल, साहेब?" संपतराव म्हणाले. "त्येंचं नाव रेडिओनं नाय घेतलं तरी गाव घेतंयच की. माझं तुमीच घेता, फकस्त. तुमी घेतलं की हप्ताभर गाव मला संपत हिवराळे म्हनतंय. बुधवार ते बुधवार. दुसऱ्या बुधवारी पुन्यांदा तुमी घेता. तुमी नाय घेतलं तर मग हायेच, संप्या."

दाजींनी त्यांना शब्द दिला, येत्या बुधवारी नक्की. बुधवारी कार्ड समोर ठेवलं, लाल दिवा लागला, आणि खिशात टीव्हीच्या मुलाखतीचं पत्र होतं. दाजींनी नुसतं गावाचं नाव घेतलं आणि गाणं लावलं. पुढच्याच आठवड्यात त्या गावातली वस्ती जाळली. वस्तीतली माणसं कुठं कुठं पांगली, संपत हिवराळे कुठं गेले कुणालाच माहीत नव्हतं. दाजी टीव्हीवर निवडले गेले.

"माझ्यामुळं जळालं आसं मी म्हनत नाय," दाजी म्हणाले. "माझी तेवढी पत नव्हती. पन तो मानूस गाव सोडून गेला तवा अर्ध्या नावानं गेला, इलास. ते माझ्यामुळं."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला नुसतं विलास म्हटलं. मला माझ्या लग्नातले आचारी आठवले, तो रिक्षावाला आठवला, पाळण्यातल्या पोरीपुढची ती मोकळी जागा आठवली. आम्ही ज्याला मोठेपणाचं वेड म्हणून हसत होतो, तो माणूस इतकी वर्षं दिसेल त्याचं नाव घेऊन एका नावाची भरपाई करत होता. आणि ते नाव रोज सकाळी माझ्याच फाटकाशी खुरपं घेऊन बसलेलं असायचं. मला स्वतःची लाज वाटली. मी ती त्यांच्यापाशी बोलून दाखवली नाही, आज लिहितो आहे.

कार्यक्रम टीव्हीवर आला तेव्हा त्यात यंत्रं होती, मॅनेजरसाहेब होते, मीही पाठमोरा होतो. बाग नव्हती. मुंबईच्या निर्मात्यानं वेळ भरत नाही म्हणून ती काढली होती. कार्यक्रम उद्योगाचा होता, गुलाबांचा नव्हता, त्याचंही चुकलं नव्हतं. दाजींनी कार्यक्रम पुरा पाहिला. मग उठले आणि आपल्या टेबलावरची काच उचलली. त्या काचेखाली देवाच्या फोटोशेजारी एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं. आम्हाला वाटायचं कुणाचा तरी पत्ता असेल. पंधरा-सोळा वर्षं ते तिथं होतं.

नेमकं त्याच सुमारास, संक्रांतीच्या आगेमागे, विद्यापीठाच्या नव्या नावाची घोषणा झाली. शहरात एकीकडे निळा गुलाल उधळला गेला, दुसरीकडे दुकानं पटापट बंद झाली. पोलीस चौकाचौकांत उभे. फर्माईशीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी केंद्रावर पुन्हा कुणीतरी दाजींना सहज म्हणालं, या बुधवारी नावं नकोत, नुसतं गाव सांगा. या वेळीही हुकूम कुणाचाच नव्हता. टीव्हीचा करार वाढवायचं पत्र याही वेळी यायचं होतं. दाजींनी मला कारखान्यात फोन केला, "श्रीयुत विलास दगडोबा शेळके, उद्या दुपारी हिवराळ्यांना रेडिओजवळ बशीव. का म्हनून इचारू नको."

आमच्या कँटीनमध्ये आचाऱ्याच्या फळीवर एक रेडिओ असे. मी संपतरावांना आत आणून बसवलं. ते सहसा बागेतच भाकरी खायचे, त्यामुळे बाकड्याच्या कडेवर अवघडून बसले. दीडशे माणसांचा कालवा, ताटांचे आवाज. मी आचाऱ्याला आवाज वाढवायला लावला. दोन गाणी झाली आणि मग दाजींचा इस्त्री केलेला आवाज आला.

"यानंतरचं पत्र आमच्याकडे फार वर्षांपूर्वी पोचलं होतं. पत्र रीतसर आहे. पाठवणाऱ्यांनी कसलाही उशीर केलेला नाही. उशीर निवेदकाकडून झाला, त्याबद्दल निवेदक त्यांची क्षमा मागतो. फर्माईश करणारे आहेत, श्रीयुत संपत गेनुजी हिवराळे." मग त्यांनी गावाचं नाव घेतलं. मग, सवयीप्रमाणे घाई न करता, पुन्हा एकदा म्हणाले, "श्रीयुत संपत गेनुजी हिवराळे."

संपतराव उभे राहिले. शाळेत हजेरीला उभं राहतात तसे. काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून ताट उचलून धुवायला निघाले. गाणं सुरू झालं होतं, ते मात्र कुणीच ऐकलं नाही. सगळं कँटीन त्यांच्याकडे बघत होतं. वेल्डिंगचा एक पोरगा मला म्हणाला, "माळीबाबाचं नाव हाय व्हय हे?" नळापाशी मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांचे हात ओले होते आणि डोळेही. त्यांनी मला एकच विचारलं, "साहेब, गावात ऐकलं आसंल का वो कुनी?"

"ऐकलं असेल," मी म्हणालो. "सगळीकडे ऐकू जातं ते."

त्या बुधवारपासून कारखान्यात माळीबाबा नाहीसे झाले. फाटकावर 'रामराम हिवराळे', शिफ्ट बदलताना 'काय संपतराव, रेडिओवर गाजलात', मॅनेजरसाहेबसुद्धा गाडीची काच खाली करून 'हिवराळे' म्हणाले. रोज संध्याकाळी पाचला आमच्या ऑफिसातला फोन वाजायचा.

"श्रीयुत विलास दगडोबा शेळके का?"

"व्हय, दाजी."

"आज म्हनले का?"

"म्हणाले, दाजी. फाटकावर म्हणाले, कँटीनमध्ये म्हणाले."

"बरं," म्हणून ते फोन ठेवायचे. टीव्हीचा करार वाढवण्याचं पत्र आलंच नाही. त्याचा बुधवारशी संबंध होता की नव्हता, दाजींनी कधी चौकशी केली नाही. ताई म्हणाली, बरं झालं, खिसे तरी शिवायचे वाचले.

हप्ता गेला. दुसरा बुधवार आला आणि त्यात कुणी दुसरीच नावं होती. मग हळूहळू जे व्हायचं तेच व्हायला लागलं. लोक वाईट नव्हते, घाईत होते. एकानं चुकून माळीबाबा म्हटलं, मग दुसऱ्यानं. संपतराव पूर्वीसारखेच मान हलवायचे. दहाव्या-बाराव्या दिवशी मी सकाळी फाटकातून आत शिरलो तेव्हा सगळी पाळी 'माळीबाबा, माळीबाबा' करत त्यांच्यासमोरून निघून गेली. मी बागेपाशी थांबलो. "रामराम, संपत गेनुजी हिवराळे," मी म्हणालो. ते खुरपं ठेवून उठले आणि त्यांनी मला परत रामराम घातला.

पाचला फोन वाजला. दाजींचा आवाज जरा थकल्यासारखा वाटला.

"आजबी म्हनले का?"

"व्हय दाजी, म्हणाले."

यात खोटं काही नव्हतं. म्हणणारा त्या दिवशी मी एकटाच होतो, एवढंच मी त्यांना सांगितलं नाही. पुढे संपतराव काम सोडून जाईपर्यंत मी एक दिवसही तो रामराम चुकवला नाही, आणि दाजींनीही फोन करायचं कधी सोडलं नाही.